मिठाचं पाणी, डिटॉक्स चूर्ण आणि घसरलेलं पोटॅशियम: एका बद्धकोष्ठतेचा पूर्ण तपास

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. ओपीडीत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णात गुंफून ते मांडलं आहे. तपासण्यांचे आकडेही अशा रुग्णांत सापडतात तसेच ठेवले आहेत.

दाखल होतानाची स्थिती

वय ५८, गृहिणी, नेहमीचं वजन ६४ किलो. आठ वर्षांपासून बीपी, मधुमेह नाही. मे महिन्याच्या मध्यावर मुलगा त्यांना रुग्णालयात घेऊन आला. तक्रारी अशा: दोन दिवस प्रचंड थकवा, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे, सकाळपासून दोन उलट्या, छातीत धडधड. घरच्यांचा समज ऊन लागल्याचा होता. आडवं असताना बीपी १०४/६६, उभं केल्यावर ८२/५४. नाडी १०८. जीभ कोरडी, पोट मऊ, कुठेही दुखरी जागा नाही.

रक्ताचे अहवाल दीड तासात आले. सोडियम १२६ (सर्वसाधारण १३५ ते १४५), पोटॅशियम २.९ (३.५ ते ५), मूत्रपिंडाचं काम मंदावलं की चढणारं क्रिएटिनिन १.६, हिमोग्लोबिन १२.४. ईसीजीमध्ये टी लाटा सपाट झालेल्या आणि त्यांच्या मागे छोट्या यू लाटा दिसत होत्या. पोटॅशियम घसरलं की हृदयाच्या आलेखावर हीच खूण उमटते.

जुलाब झाले का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "जुलाब नाही हो, पोट साफ करत होते." इथून खरी माहिती बाहेर यायला लागली. मोबाईलवर आलेल्या एका व्हिडिओत सात दिवसांत आतडं धुऊन काढायचा कार्यक्रम होता. त्यानुसार रात्री डिटॉक्स चूर्ण दोन चमचे, पहाटे दोन लिटर कोमट पाण्यात मीठ घालून ते अर्ध्या तासात संपवायचं, दिवसभर फक्त लिंबू-मध पाणी. त्यांनी हे सलग तीन दिवस केलं. रोज आठ-दहा वेळा पाण्यासारखं शौचाला झालं. तिसऱ्या दिवशी वजन पावणेदोन किलोंनी कमी भरलं म्हणून आनंदही झाला. या तीनही सकाळी बीपीची गोळी मात्र नेमाने घेतली होती, आणि पोटऱ्या दुखायला लागल्यावर गुडघ्यांसाठी घरात असलेली एसिक्लोफिनॅकची गोळी दिवसातून दोनदा.

तीन दिवसांत नेमकं काय बिघडलं

मिठाचं पाणी पिऊन सोडियम कमी कसं होईल, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. दोन लिटरमध्ये चार चहाचे चमचे मीठ म्हणजे वीस ग्रॅमच्या वर गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. पण हे मीठ आतड्यात शोषलं न जाता बरंचसं पाण्यासकट बाहेर पडलं, आणि जाताना शरीराचं स्वतःचं पाणी, सोडियम, पोटॅशियमही घेऊन गेलं. रक्ताचं आकारमान घटलं की मेंदू मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतो. दिवसभर पोटात जात होतं ते नुसतं गोड पाणी. मीठ निघून गेलं आणि साधं पाणी आत साठलं, म्हणून सोडियम पातळ झालं. काही जणांत नेमकं उलट होतं. पाणी फार खारट केलं आणि शौचाला झालंच नाही, तर सगळं मीठ रक्तात शिरतं आणि सोडियम एकदम चढतं. ते याहून घातक.

पोटॅशियमला तीन गळत्या होत्या. पातळ शौचातून, उलटीतून, आणि बीपीच्या गोळीतून. गोळी होती टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिग्रॅ यांची जोडगोळी. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे सोडियम बाहेर काढतं, तेच त्याचं काम आहे, आणि त्याबरोबर पोटॅशियमही जातं. त्यामुळे मूत्रपिंडाची जादा पाणी टाकून देण्याची क्षमताही मंदावते.

मूत्रपिंडाचा फटका वेगळ्या वाटेने बसला. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी स्वतःला रुंद ठेवायला धडपडते. एसिक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने ती धडपड थांबते. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी वाहिनी सैल होते. त्यात क्लोरथॅलिडोनसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधाने रक्त आणखी कमी. तिन्ही एकत्र आली की गाळणीवरचा दाब पडतो आणि क्रिएटिनिन चढतं. हे त्रिकूट डॉक्टरांना तोंडपाठ असतं. घरात मात्र बीपीची गोळी आणि वेदनाशामक वेगवेगळ्या डब्यांत असतात, आणि एकीचा दुसरीशी संबंध आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

उपचार सरळ होते. शिरेतून सलाईन सावकाश, कारण सोडियम चोवीस तासांत आठ एककांपेक्षा जास्त चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पोटॅशियम क्लोराईड सलाईनमधून आणि नंतर तोंडाने, हृदयाच्या मॉनिटरखाली. मॅग्नेशियम तपासून घेतलं, कारण ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. बीपीची जोडगोळी, वेदनाशामक आणि चूर्ण तिन्ही बंद. तिसऱ्या दिवशी सोडियम १३४, पोटॅशियम ३.९, क्रिएटिनिन १.०.

हिमोग्लोबिन मात्र १२.४ वरून १०.८ वर आलं. रक्तस्राव झाला नव्हता. आधी शरीर सुकलेलं असल्याने रक्त घट्ट होतं, त्यामुळे आकडा फुगलेला होता. पाणी भरल्यावर खरा आकडा दिसला. फेरिटिन ९, म्हणजे लोहाचा साठा रिकामा. पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी सापडलं तर पोटात कुठे रक्त झिरपतंय का, हे बघावंच लागतं.

तर मग मळ साचला होता का?

पाकिटावर लिहिलं होतं की आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटून बसतो, त्यातून विष रक्तात जातं, आणि डोकेदुखीपासून काळवंडलेल्या चेहऱ्यापर्यंत सगळं त्यातूनच येतं. हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात स्वविषबाधेचा सिद्धांत जोरात होता. लंडनच्या गाईज रुग्णालयातले सर विल्यम अर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठतेसाठी अनेकांचं मोठं आतडं कापून काढलं. १९०८ सालचे नोबेल विजेते एली मेचनिकॉफ याच समजुतीतून दह्याचा प्रचार करत होते. दह्याला आधुनिक आहारात मिळालेला मान असा एका चुकीच्या सिद्धांताच्या आडवाटेने आला, ही गंमतच. १९१९ मध्ये अमेरिकी डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी दाखवलं की बद्धकोष्ठतेतली डोकेदुखी, जडपणा, मरगळ शौचाला झाल्यावर काही मिनिटांत जाते. रक्तात विष असतं तर ते इतक्या झटपट कसं उतरलं असतं? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून तीच लक्षणं निर्माण करून दाखवली गेली. कापूस काढला की लक्षणं गेली. त्रास ताणाचा होता, विषाचा नव्हता.

या बाईंना चूर्णानंतर हलकं वाटत होतं, ते खोटं नव्हतं. ताण गेला, वायू गेला, पोट सपाट झालं. त्यावर चढवलेला अर्थ चुकीचा होता.

त्यांनी आणखी एक पुरावा सांगितला: शौचात तपकिरी, रबरासारख्या लांब पट्ट्या पडल्या. व्हिडिओत याच पट्ट्या दाखवून हा जुना मळ बघा असं सांगितलं होतं. पाकिटावरची घटकांची यादी वाचली तर त्यात इसबगोल आणि बेंटोनाइट माती होती. हे कुणालाही स्वयंपाकघरात करून बघता येईल. पेल्यात दीडशे मिली पाणी घ्या, त्यात इसबगोलाचा एक मोठा चमचा ढवळा आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवा. चमचा उभा राहील इतका घट्ट, लवचिक गोळा तयार होतो. त्यात माती आणि पित्ताचा रंग मिसळून आतड्याचा आकार आला की झाल्या पट्ट्या. चूर्ण घेण्याआधी त्या पोटात नव्हत्याच.

आतड्याच्या भिंतीवर काही चिकटून राहायला तिथे जागाही नाही. आतलं अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत झडून नवं येतं, वर सतत शेंबड्या द्रवाचा थर सरकत असतो. लहान आतड्यातून रोज एक ते दीड लिटर पातळ द्रव मोठ्या आतड्यात उतरतो. त्यातलं पाणी आणि क्षार परत ओढून घेणं हे मोठ्या आतड्याचं मुख्य काम. शौचात उरतं शंभर-दोनशे मिली पाणी. रक्तातले नको असलेले पदार्थ काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. गंमत अशी की साफसफाईच्या नावाखाली या प्रकरणात मार बसला तो नेमका मूत्रपिंडांनाच.

कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी, डॉक्टरही पोट रिकामं करतात, मग घरी केलं तर काय बिघडलं? बिघडतं ते द्रावणामुळे. तपासणीआधी देतात ते पॉलिइथिलीन ग्लायकोल आणि क्षार यांचं मोजून बनवलेलं मिश्रण असतं. ते शरीरातून पाणी ओढत नाही आणि शरीरात फारसं शिरतही नाही. ते एकदा देतात, तपासणीत आतडं नीट दिसावं म्हणून देतात, आणि बीपीच्या कोणत्या गोळ्या त्या दिवशी थांबवायच्या हे आधी सांगतात.

शंखप्रक्षालन, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन आतडं धुण्याची योगक्रिया, तिच्याबद्दलही थोडं बोलायला हवं. हठयोगात ही क्रिया जाणकाराच्या देखरेखीखाली, ठरावीक आसनांसह करायची असते. नंतर विश्रांती, तूप घातलेली मऊ खिचडी आणि पुढचे काही दिवस पथ्य असतं. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, अल्सर, हर्निया असणाऱ्यांना ती वर्ज्य सांगतात. आयुर्वेदातल्या विरेचनालाही (जुलाब देऊन केलेल्या शुद्धीलाही) आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक) आणि नंतर पेजेपासून चढत जाणारा आहाराचा संसर्जनक्रम आहे. व्हिडिओने परंपरेचं नाव घेतलं आणि तिची सगळी पथ्यं गाळली.

यंत्राने गुदमार्गातून पाणी सोडून आतडं धुण्याची केंद्रं शहरांत निघाली आहेत. त्यांचे धोके आणखी वेगळे: आतड्याला छिद्र पडणं, संसर्ग. १९७८ ते १९८० दरम्यान अमेरिकेतल्या पश्चिम कोलोरॅडोमधल्या एका चिकित्सालयात अशा धुण्यातून किमान ३६ जणांना अमीबाची लागण झाली. दहा जणांचं मोठं आतडं काढावं लागलं आणि त्यातले सहा दगावले. कॉफीचा एनिमा हाही याच माळेतला, त्यातून भाजणं आणि क्षार बिघडणं दोन्ही होतं.

मुळात बद्धकोष्ठता आली कुठून

चौथ्या दिवशी, प्रकृती सावरल्यावर, घाई न करता विचारपूस केली. पूर्वी रोज सकाळी नेमाने होत असे. कधी लग्नकार्यात बिघडलं तर बाजारचं चूर्ण एखाद-दोन दिवस. गेल्या दिवाळीपासून मात्र तीन-चार दिवसांनी एकदा, खडे होतात, कुंथावं लागतं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं.

"काकू, दिवाळीच्या सुमारास घरात काय बदललं?"

"काही नाही. गुडघे वळेनात म्हणून कमोड बसवला तेवढाच."

तेवढंच नव्हतं. गुडघ्यांसाठी त्याच वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू झालं. थकवा येतो म्हणून लोहाची गोळी. दुखण्यासाठी एसिक्लोफिनॅक, लागेल तसं, म्हणजे बहुतेक रोज. सकाळचं फिरणं बंद. कॅल्शियम आणि लोह दोन्ही शौच घट्ट करतात. हालचाल कमी झाली, बसण्याची पद्धत बदलली, आणि वेदनाशामकाने जठर खरवडलं जाऊन रक्त झिरपायला लागलं असावं, असा तर्क निघाला. डिसेंबरपासून चूर्ण रोजचं झालं.

आहाराची उजळणी केली. सकाळी चहा-खारी, मग पोहे. दुपारी चाळलेल्या पिठाच्या दोन पोळ्या, पॉलिशचा भात, पातळ वरण, बटाट्याची नाहीतर कोबीची भाजी. रात्री वरणभात. सोमवार आणि गुरुवार उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी. अन्नातले तंतू (फायबर) मोजले तर दिवसाला चौदा-पंधरा ग्रॅम. हवेत पंचवीस ते तीस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यामुळे उपवासाच्या दिवशी हा आकडा आणखी खाली.

मग चूर्णाचं चक्र. सोनामुखीसारखं रेचक आतडं पार रिकामं करतं. रिकामं झालेलं आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला होत नाही, कारण बाहेर टाकायला काही नसतंच. माणसाला वाटतं, पुन्हा तुंबलं. पुन्हा चूर्ण. वर्षानुवर्षं चूर्णावर असलेल्या कितीतरी जणांची तक्रार याच एका गैरसमजावर उभी असते. दिवसाला तीन वेळा ते आठवड्याला तीन वेळा, यातलं काहीही, त्रास नसेल तर, स्वाभाविक आहे. रोज सकाळी झालंच पाहिजे असा शरीराचा नियम नाही.

थायरॉइड, कॅल्शियम, साखर ठीक निघाली. गुदतपासणीत खडा अडकलेला नव्हता. कुंथायला सांगितल्यावर स्नायू सैल सुटत होते, आवळत नव्हते. ही तपासणी दोन मिनिटांची असते. पण संकोचापायी ती टळते, आणि मग स्नायूंच्या चुकीच्या सवयीमुळे अडलेले रुग्ण वर्षभर नुसते रेचक बदलत राहतात.

पन्नाशीनंतर नव्याने बदललेली शौचाची सवय आणि लोहाची कमतरता, या दोन कारणांनी जठराची आणि मोठ्या आतड्याची अशा दोन्ही दुर्बिणी केल्या. जठरात वेदनाशामकाने पडतात तशा उथळ जखमा होत्या. मोठ्या आतड्यात गाठ नाही, पॉलिप नाही, आतल्या मूळव्याधीचे लहान कोंब. अस्तरावर ठिकठिकाणी काळपट-तपकिरी छटा होती. सोनामुखी, कोरफडीचा रस अशा रेचकांच्या सततच्या वापराने पेशींत रंगद्रव्य साठतं, त्याची ही खूण. ती निरुपद्रवी आहे आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ते वर्षभरात पुसट होते. भिंतीला चिकटलेला मळ कुठेही नव्हता. काळपट होतं ते साफ करणाऱ्या चूर्णानेच केलेलं.

सोनामुखीवर मात्र अन्याय नको. मोजून आणि गरजेपुरती घेतली तर ती चांगलं औषध आहे. २०२३ सालच्या अमेरिकी पोटविकार संघटनांच्या मार्गदर्शिकेतही तिला जागा आहे, आणि तिने आतडं कायमचं आळशी होतं ही जुनी भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. अडचण मात्रेची आहे. पाकिटातल्या चमचाभर चूर्णात ती किती, हे कळत नाही. नावंही अनेक: सोनामुखी, सनाय, सेन्ना, मींढी आवळ, स्वर्णपत्री, कॅसिया अंगुस्टिफोलिया. यातलं काहीही यादीत दिसलं की ते पाकीट म्हणजे रेचक, वर नाव काहीही असो.

घरी जाताना दिलेला आराखडा

आधी कारणांना हात घातला. एसिक्लोफिनॅक बंद, त्याऐवजी गरजेला पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं जेल, शिवाय खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरण्याचे मांडीचे व्यायाम. जठरातल्या जखमांसाठी सहा आठवडे आम्ल कमी करणारी गोळी. कॅल्शियम कार्बोनेट थांबवून दूध, दही, नाचणी. लोह चालू ठेवणं भाग होतं, पण रोज दोन वेळाऐवजी एक दिवसाआड एकदाच. तसं घेतल्यावर शोषण चांगलं राहतं आणि पोटाला त्रास कमी होतो. लोहाने शौच काळसर-हिरवट होतं, हे आधीच सांगून ठेवलं. डांबरासारखं चिकट, काळंभोर आणि उग्र वासाचं झालं तर तो रक्तस्राव समजायचा. बीपीसाठी दोन आठवड्यांनी, क्रिएटिनिन परत बघून, एकटं टेल्मिसार्टन.

चूर्ण एकदम बंद केलं तर आठवडाभर अडणार हे नक्की, म्हणून मधला पूल लागतो. रोज रात्री पॉलिइथिलीन ग्लायकोलची पूड १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. ही शोषली जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते, पोटात मुरडा येत नाही. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काही झालं नाही म्हणून मात्रा वाढवायची नाही.

इसबगोल दुसऱ्या आठवड्यापासून. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे दीड-दोन ग्रॅम, तेवढ्यानेच सुरुवात. दर पाच-सहा दिवसांनी एक चमचा वाढवत सात ते दहा ग्रॅमपर्यंत. पाणी किमान २०० मिली, ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा पेला. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाण्याने गिळलं तर अन्ननलिकेतच फुगून अडकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडं अरुंद झालेलं आहे, त्यांना ते देत नाहीत. आडवं व्हायच्या आधी घेऊ नये, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर ती औषधं इसबगोलाच्या लगद्यातच गुरफटतात. गरम दुधातून घेण्याची आपली पद्धत चालेल, पण वरचा पाण्याचा पेला त्यात धरलेला नाही.

ताटात बदल कमीत कमी ठेवला, कारण जास्त बदल टिकत नाहीत. पोळीचं पीठ चाळायचं नाही. रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे सव्वाशे ग्रॅम पिठातून बारा ग्रॅमच्या आसपास तंतू. मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ, चार-पाच ग्रॅम. भेंडी, गवार, मेथी, शेवग्याच्या शेंगा यांतली एक भाजी. एक मध्यम पेरू, सात-आठ ग्रॅम. पेरू नसेल तेव्हा पपई आणि भिजवलेले अंजीर-मनुका. दर आठवड्याला पाच ग्रॅमपेक्षा जास्त वाढवायचं नाही.

पाणी दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात तहानेप्रमाणे जास्त. ज्याच्या शरीरात पाणी पुरेसं आहे त्याने तांब्यामागून तांबे रिचवले तर फक्त लघवी वाढते. सकाळच्या गरम पाण्याला उगाच मोठेपण मिळालं आहे. पोटात काही पडलं की मोठं आतडं ढवळतं, ही प्रतिक्षिप्त क्रिया सकाळी सगळ्यात जोरकस असते. चहाने होतं, नाश्त्याने त्याहून जास्त होतं. म्हणून नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, कळ आली असो वा नसो, शौचालयात पाच ते दहा मिनिटं बसायचं. मोबाईल बाहेर. कळ आली की दाबायची नाही. आयुर्वेदाने अडवू नयेत अशा वेगांत मलवेग मोजला आहे, आणि आजचं शरीरशास्त्रही तेच सांगतं: दाबून धरलेला मळ परत वर सरकतो, आणखी पाणी शोषलं जाऊन खडा होतो.

कमोड काढायचा नव्हता, गुडघे ते मानणार नव्हते. पायांखाली सहा-सात इंच उंचीचा लाकडी पाट ठेवला. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं, कोपरं मांड्यांवर. यामुळे गुदाशयाचा बाक सरळ होतो. श्वास कोंडून कुंथण्याऐवजी पोट पुढे फुगवत हळू श्वास सोडायचा. सहा इंचांवरही गुडघे दुखत असतील तर चार इंच, हट्ट नको.

नोंदीसाठी एक वही. तारीख आणि शौचाचा घट्टपणा सांगणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातला क्रमांक: १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, ४ म्हणजे गुळगुळीत मऊ, ७ म्हणजे नुसतं पाणी. लक्ष्य ३ ते ५. किती दिवसांनी झालं याची नोंद दुय्यम.

पुढचे तीन महिने

पहिले तीन दिवस शौचाला झालं नाही. सुनेचा फोन आला, चूर्ण द्यायचं का म्हणून. आतडं तपासणीसाठी पार रिकामं केलेलं होतं, वायू सरत होता, पोट फुगलेलं नव्हतं, म्हणजे थांबायचं. चौथ्या दिवशी क्रमांक ३. तिसऱ्या आठवड्यात आठवड्याला चार-पाच वेळा, बहुतेक ३ आणि ४.

पाचव्या आठवड्यात पोट गच्च, वायू, अस्वस्थता. घरच्यांनी उत्साहाने इसबगोल दुप्पट केलं होतं, शिवाय रोज राजमा-छोले. तंतू जिवाणूंचं खाद्य आहे. एकदम वाढवलं की आंबणंही वाढतं. इसबगोल पुन्हा दोन चमच्यांवर आणलं, उसळ वाटीभरच, आणि दहा दिवसांत पोट उतरलं. अशा वेळी तंतूंचा त्रास होतो म्हणून सगळंच सोडून देणारे बरेच. मात्रा मागे घेऊन हळू चढणं पुरतं.

आठव्या आठवड्यात आषाढी आली. उपवास मोडा असं सांगून कुणी ऐकत नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, सालासकट उकडलेलं रताळं, दाण्याची आमटी, पेरू, दही. सोमवार-गुरुवारीही हेच. पॉलिइथिलीन ग्लायकोल त्याच आठवड्यात एक दिवसाआड केलं. बाराव्या आठवड्यापर्यंत ते फक्त दोन दिवस न झाल्यास घ्यायचं राहिलं. हिमोग्लोबिन १२.१, क्रिएटिनिन ०.९, बीपी १३२/८०. वजन ६४ किलोच. डिटॉक्समध्ये गेलेले पावणेदोन किलो पाणी आणि मळ होते, ते आठवड्यातच भरून आले होते.

इतकं करूनही अडत राहिलं असतं, तर पुढची पायरी गुदाशयाच्या दाबाची तपासणी आणि पाण्याने भरलेला छोटा फुगा बाहेर टाकता येतो का, ही चाचणी. स्नायू चुकीचे आवळले जात असतील तर बायोफीडबॅकचा, म्हणजे स्नायूंची हालचाल यंत्रावर बघत ते सैल करायला शिकण्याचा, सराव रेचकांपेक्षा जास्त उपयोगी ठरतो.

वहीच्या शेवटच्या पानावर सुनेकडून मोठ्या अक्षरांत दोन नोंदी लिहून घेतल्या. पहिली: जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या की त्या दिवशी टेल्मिसार्टन घेण्याआधी डॉक्टरांना फोन, वेदनाशामक अजिबात नाही, आणि तहान भागवायला ओआरएसचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. दुसरी: पोट फुगून दुखतंय, वायूही सरत नाही, उलट्या होतायत, शौचातून रक्त जातंय किंवा भोवळ येतेय, यातलं काहीही असेल तर कोणतंही रेचक न देता थेट रुग्णालय.